रजनीशपुरमला रामशास्त्री का मिळाला नाही

पुण्यात रजनीशांचा विषय निघाला की चर्चा दहा मिनिटांत दोन माणसांवर येऊन अडकते. एक पक्ष म्हणतो, भगवान निर्दोष होते, त्यांच्या अमेरिकेतल्या कम्यूनमध्ये विषप्रयोगासकट जे काही झाले ते त्यांच्या सचिव शीलाने केले. दुसरा म्हणतो, शीला नुसते हात होती, डोके त्यांचेच होते. २०१८ मध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या कम्यूनवरची माहितीपट-मालिका घरोघरी पाहिली गेली तेव्हा हा वाद नव्याने पेटला. पुढे कोरेगाव पार्कातल्या आश्रमाची काही जागा विकण्याच्या प्रस्तावावरून शिष्यांमध्येच तट पडले, तेव्हा जागेचा प्रश्न बाजूला राहून पुन्हा तोच वाद सुरू झाला. आमच्या वाचनगटातही तो दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मी अस्वस्थ होऊन घरी परतलो. गुन्हेगार कोण हे ठरले की प्रश्न संपला, असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होते. मला तसे वाटत नाही. रजनीशपुरम, म्हणजे ते अमेरिकेतले कम्यून, बुडाले, कारण तिथे ‘नाही’ म्हणून आत राहण्याची सोय नव्हती. ही सोय नसलेल्या कोणत्याही वसाहतीत, तिचा संस्थापक साधू असो वा भोंदू, आज ना उद्या एखादी शीला तयार होणारच.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. २१ मार्च १९७४ रोजी पुण्यात आश्रम सुरू झाला आणि सहा-सात वर्षांत पाश्चात्त्य शिष्यांच्या गर्दीने तो अपुरा पडू लागला. सासवडजवळ मोठी वसाहत उभारण्याचा विचार होता, पण तो तडीस गेला नाही. करसवलतीवरून सरकारशी बिनसले होते, आणि १९८० मध्ये प्रवचन चालू असताना रजनीशांच्या दिशेने सुरा फेकला गेला. १९८१ च्या जूनमध्ये ते अमेरिकेला गेले. जुलैत त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांनी ओरेगन राज्यातल्या वास्को काउंटीत ‘बिग मडी’ नावाचा, अतिचराईने उजाड झालेला चौसष्ट हजार एकरांचा राँच सुमारे साडेसत्तावन्न लाख डॉलरला विकत घेतला. चार वर्षांत तिथे धरण, डेअरी, भाजीचे मळे, सांडपाणी-शुद्धीकरण, विमानांची धावपट्टी, बससेवा, उपाहारगृहे, हॉटेल आणि दुकाने उभी राहिली. जुलैच्या उत्सवाला जगभरातून हजारो लोक येऊ लागले. आणि १९८५ च्या अखेरीस हे सगळे ओस पडले.

विरोधी बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आधी मान्य केले पाहिजे. ओरेगनने या लोकांना मोकळ्या मनाने वागवले नाही. हे तेच राज्य, ज्याच्या मूळ संविधानात कृष्णवर्णीयांना तिथे स्थायिक व्हायला बंदी होती आणि ते कलम १९२६ पर्यंत पुस्तकात राहिले. १९२२ मध्ये तिथल्या मतदारांनी कॅथलिकांच्या शाळा बंद पडाव्यात म्हणून कायदा केला होता. तो रद्द करायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. त्यात १९७८ मध्ये गयानातल्या जोन्सटाउनला नऊशेहून अधिक माणसे एका गुरूच्या शब्दावर मेली होती आणि ते दृश्य अमेरिकेच्या डोळ्यांसमोरून हलले नव्हते. तांबड्या-भगव्या कपड्यांतले, गळ्यात एकशेआठ मण्यांची माळ आणि माळेत गुरूंच्या फोटोचे लॉकेट घातलेले हजारो परके लोक शेजारी येऊन राहिल्यावर चाळीस-पन्नास वस्तीचे अँटिलोप गाव बिचकणारच. पण प्रकरण बिचकण्यावर थांबले नाही. संन्याशांना, म्हणजे रजनीशांच्या शिष्यांना, धमक्या आल्या, त्यांची छायाचित्रे नेमबाजीसाठी लावली गेली, आणि जुलै १९८३ मध्ये त्यांच्या पोर्टलंडमधल्या हॉटेलात बॉम्ब फुटला. शेतजमिनीवर शहर वसवता येणार नाही म्हणून पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली. धर्मसंस्था आणि नगरपालिका एकच झाल्या आहेत म्हणून राज्याचे महान्यायवादी फ्रोनमायर यांनी शहराच्या अस्तित्वालाच आव्हान दिले. पूर्वग्रह होता, आणि तो कायद्याच्या भाषेत बोलत होता, हे मला नाकारायचे नाही.

पण छळ झाला म्हणून विषप्रयोग झाला, हा निष्कर्ष त्यातून निघतो का? पूर्वग्रहाच्या तावडीत सापडलेले समाज अमेरिकेत काय कमी झाले? मॉर्मन पंथीयांना मिसुरीतून हुसकावले गेले, आमिश पंथाच्या शेतकऱ्यांनी मुलांच्या शाळेसाठी तुरुंग सोसला, आणि याच ओरेगनमधल्या कॅथलिक भगिनींनी वकील लावून खटला जिंकला. त्याहून बोलका दाखला खुद्द रजनीशपुरमचा आहे. जमीन-वापराच्या ज्या खटल्याला कम्यून छळाचा पुरावा मानत होते, त्याचा शेवटचा निकाल ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये शहराच्या बाजूने दिला. जो कायदा आपला शत्रू आहे असे सांगून आत भीती पेरली गेली, त्याच कायद्याने त्या मुद्द्यावर त्यांना न्याय दिला. फक्त तोवर तो घ्यायला तिथे कोणी उरले नव्हते. थांबा, अजून दोन वर्षे लढू, असे बैठकीत ठामपणे म्हणू शकणारा माणूस त्यांच्याकडे का नव्हता? वकिली शिकलेले, अभियंते, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ असे लोक तर त्या राँचवर रांगेने होते.

यावर दुसरा बचाव पुढे येतो, आणि तोही पोकळ नाही. गुन्हे मूठभरांनी केले. बाकीचे हजारो लोक बारा-बारा तास आनंदाने राबत होते आणि त्यांना कशाचीच कल्पना नव्हती, असे तो सांगतो. हे खरे आहे. आरोप ठेवले गेले ते थोड्याच जणांवर. पण मूठभरांनी काय केले आणि ते करताना बाकीच्यांच्या न कळण्याचा त्यांना किती उपयोग झाला, ते जवळून पाहिले पाहिजे. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये काउंटीच्या निवडणुका होत्या. मते वाढवण्यासाठी देशभरातल्या शहरांतून बेघर माणसे हजारोंच्या संख्येने बसमध्ये घालून आणली गेली. दुसऱ्या बाजूने विरोधकांची मते कमी करायची योजना होती. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये कम्यूनमधले काही लोक द डॅल्स या काउंटीच्या मुख्य गावातल्या उपाहारगृहांत गेले. त्यांच्याजवळ फिकट पाण्यासारखा द्रव होता, कम्यूनच्याच प्रयोगशाळेत वाढवलेल्या साल्मोनेला जंतूंचा. सॅलड बारशी, म्हणजे गिऱ्हाइकाने ताट घेऊन आपल्या हाताने वाढून घ्यायच्या त्या मांडणीशी, रांगेत उभे राहून त्यांनी तो कोशिंबिरीवरच्या ड्रेसिंगमध्ये, कॉफीत घालायच्या क्रीममध्ये ओतला. मागच्या माणसाने तेच वाढून घेतले. दहा उपाहारगृहे, ७५१ आजारी, ४५ रुग्णालयात. कोणी दगावले नाही, हे नशीब. त्याआधी काउंटीचे दोन आयुक्त राँचच्या भेटीला आले असताना त्यांना जंतू मिसळलेले पाणी पाजून झाले होते. आरोग्य खात्याने सुरुवातीला दोष उपाहारगृहांतल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांना दिला. फेब्रुवारी १९८५ मध्ये काँग्रेस-सदस्य जेम्स वीव्हर यांनी सभागृहात कम्यूनकडे बोट दाखवले तेव्हा द्वेषापोटी बोलतात म्हणून त्यांनाच बोल लावला गेला. बेघर माणसांचे काय झाले? त्यांना शांत ठेवण्यासाठी बिअरमधून गुंगीचे औषध दिले गेले, मतदार-नोंदणी अडल्यावर त्यांची गरज संपली, आणि अनेकांना परतीच्या भाड्याविना जवळच्या गावांत सोडून देण्यात आले.

आता त्या मूठभरांच्या बैठकीत काय घडत होते ते पाहा. रजनीशपुरमचा महापौर राहिलेल्या आणि नंतर सरकारी साक्षीदार झालेल्या संन्याशाच्या जबानीनुसार, कट शिजत असताना काहीजण चाचरले होते. माणसांना इजा करायची, हे त्यांना पचत नव्हते. तेव्हा शीला गुरूंकडे जाऊन आल्या आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्याची टेप त्यांनी बैठकीत ऐकवली. टेपवर नेमके काय होते आणि त्याचा अर्थ काय, यावर लोक आजही हिरिरीने भांडतात. माझे लक्ष दुसरीकडे जाते. चाचरणाऱ्यांच्या शंकेला उत्तर म्हणून टेप पुरेशी ठरली. शंका बरोबर की चूक, याची चर्चा झाली नाही. वरचा शब्द आला आणि शंका खाली बसली. मूठभर लोक सगळीकडे वाईट वागू शकतात. ज्याच्या मनात ‘हे चूक आहे’ असे उमटले, तो कुठे जाऊन ते बोलेल, ही जागा मात्र सगळीकडे नाहीशी झालेली नसते.

इथे मला आपल्या शनिवारवाड्याची आठवण येते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर अडीचशे वर्षे आपण मुलांना एका दमात देत आलो आहोत: आनंदीबाईने. त्या ‘ध’चा ‘मा’ झाल्याचा ठोस पुरावा नाही, पण गोष्ट सोयीची आहे, कारण एक महत्त्वाकांक्षी बाई सापडली की राघोबादादांपाशी थांबायचे कारण उरत नाही. शीलाबद्दल बोलताना आपल्याकडचे लोक नकळत तीच गोष्ट पुन्हा सांगतात. शीला निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. त्यांनी गुन्हे कबूल केले आणि शिक्षा भोगली. पण पुण्याच्या त्या प्रकरणात आणखी एक माणूस होता, जो ओरेगनच्या प्रकरणात कुठेच दिसत नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या राघोबांना तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे. ते पुणे सोडून गेले हेही खरे. म्हणजे ‘नाही’ म्हणून आत राहणे त्यांनाही जमले नाही. पण त्यांची जागा नाहीशी झाली नाही. न्यायाधीश म्हणून राजाच्या कृत्याची चौकशी करता येते, ही कल्पना दरबारात आधीपासून होती, लोकांच्या मनात होती, आणि बारभाईंनी राघोबांना दूर केल्यावर शास्त्रीबुवा त्याच जागी परतले. रजनीशपुरममध्ये व्यक्ती शोधण्याआधी ही जागा शोधा. ती कोणत्या इमारतीत होती? कोणत्या पदाचे ते काम होते?

उत्तर मिळत नाही, कारण रचना तशी केलेली होती. १९८१ च्या वसंतापासून ऑक्टोबर १९८४ अखेरपर्यंत रजनीशांचे जाहीर मौन होते. रोज संध्याकाळी त्यांना भेटत होत्या त्या शीला, आणि बाहेर येऊन त्या जे सांगतील तो गुरूंचा शब्द. बाकीच्यांना दिवसातून एकदा दर्शन होते: दुपारी रस्त्याच्या कडेला हात जोडून रांगेत उभे राहायचे आणि रोल्स-रॉइसच्या काचेमागून संथपणे सरकत जाणारा चेहरा पाहायचा. अशा गाड्या अखेरीस ९३ झाल्या, आणि लोक त्या आकड्यावरच अडून बसतात. मला ती काच अधिक महत्त्वाची वाटते. ज्याच्यासाठी घरदार सोडले, त्याला एक प्रश्नही विचारता येत नव्हता. अनेकांनी घरे विकून पैसे देऊन टाकले होते, मजुरी नव्हती, कामाचे नावच ‘पूजा’ होते. जो नियम मोडतो तो पूजा मोडतो, आणि जो शंका घेतो त्याचा अहंकार अजून गळलेला नाही, अशी भाषा एकदा रुजली की शंकेखोराला वेगळी शिक्षा द्यावी लागत नाही. तो स्वतःच स्वतःला गप्प करतो. उरतो एक मार्ग, निघून जाण्याचा. खिशात काही नसताना, मित्र, जोडीदार, कधी मुले आत ठेवून जाण्याचा. हा मार्ग खुला होता असे म्हणणे कागदावर खरे आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात, अध्यात्म म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गुरूपुढे शरण जाणे हीच साधना आहे, तिथे मतदान आणि विरोधी पक्ष मागणे म्हणजे तळ्यात नांगर धरण्यासारखे आहे. शरणागतीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिने थोर माणसे घडवली आहेत, हे मी मान्य करतो. पण रजनीशपुरम ही केवळ साधनेची जागा नव्हती. ते कायद्याने नोंदलेले शहर होते. त्याला नगर परिषद होती, बंदुका बाळगणारे पोलीस दल होते, कर होते, मते होती. शेजारचे अँटिलोप मतांच्या जोरावर ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘रजनीश’ असे बदललेले होते. शिष्याने आपला अहंकार गुरूच्या पायाशी ठेवला, तर ते त्या दोघांमधले. शिष्याने आपले मत, आपली बंदूक आणि शेजाऱ्याच्या गावाची सत्ता तिथे ठेवली, तर शेजाऱ्याचे काय? त्याने तर दीक्षा घेतलेली नव्हती. नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी हाच भेद स्पष्ट केला होता: धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ओरेगनमध्ये जे घडले त्याचे इतके नेमके निदान मला दुसरीकडे सापडलेले नाही.

स्वप्नवसाहती म्हणजे अपयश ठरलेलेच, असेही मला म्हणायचे नाही. न्यूयॉर्क राज्यातली ओनायडा वसाहत १८४८ मध्ये सुरू झाली. मालमत्ता सामाईक, विवाहसुद्धा सामाईक, आणि शेवटचा शब्द संस्थापक जॉन हम्फ्री नॉइस यांचा. तिच्या चालीरीती ओरेगनच्या संन्याशांपेक्षा शेजाऱ्यांना अधिक धक्कादायक वाटाव्यात अशाच होत्या, धर्मोपदेशक तिच्यावर तुटून पडत होते, आणि १८७९ मध्ये अटकेच्या भीतीने नॉइस रातोरात कॅनडाला गेले. तरी कोणी कोणावर विषप्रयोग केला नाही. सवयीने चालणाऱ्या समित्या होत्या, सभासदांनी एकमेकांचे दोष समोरासमोर सांगायची रीत होती. नेता गेल्यावर माणसे बसली, भांडली, सामाईक विवाह बंद करून मोकळी झाली आणि १ जानेवारी १८८१ पासून वसाहतीची भागधारकांची कंपनी झाली. पुढे तिचे काटे-चमचे अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले.

आपल्या जवळचे उदाहरण पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीचे. २८ फेब्रुवारी १९६८ ला ते सुरू झाले. १९७३ मध्ये तिच्या संस्थापक माताजी गेल्या आणि मालकी हक्कावरून संस्था आणि रहिवासी यांच्यात कडाक्याचे भांडण जुंपले. शेवटी संसदेने १९८८ मध्ये कायदा केला आणि त्यात रहिवाशांची सभा लिहून ठेवली. आज ऑरोव्हिल सुखात आहे असे कोणी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रस्त्यासाठी झाडांवर बुलडोझर फिरला तेव्हा रहिवाशांमध्ये दोन तट पडले, माणसे यंत्रांपुढे उभी राहिली, प्रकरणे न्यायालयांत गेली. काहींना यात ऑरोव्हिलचा ऱ्हास दिसतो. मला ते जिवंत असल्याची खूण दिसते: बुलडोझरपुढे उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑरोव्हिलमधल्याच आपल्या घरात उठला.

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि त्यांचे साथीदार युरोपला निघून गेल्यावर रजनीशांनी स्वतः पत्रकारांसमोर विषप्रयोग, फोन चोरून ऐकणे, खुनाचे प्रयत्न हे सारे मांडले आणि तपास यंत्रणांना बोलावले. त्यांच्या बाजूने हा मुद्दा नेहमी सांगितला जातो. पण ज्या हजारो संन्याशांनी हे शहर हातांनी बांधले, त्यांना आपल्या घरात काय चालले होते ते कळले कसे? तर पुन्हा वरूनच, एका भाषणातून, आणि तेही दोषी निघून गेल्यावर. ऑक्टोबरच्या अखेरीस रजनीश विमानाने निघाले, शार्लट शहरात त्यांना अटक झाली, आणि नोव्हेंबरमध्ये स्थलांतर कायद्याखालचे दोन आरोप मान्य करून, चार लाख डॉलर दंड भरून त्यांनी देश सोडला. जायचे की राहायचे, शहर पुढे चालवायचे की नाही, यावर शहरातल्या लोकांची सभा झाल्याचे दिसत नाही. गुरू गेले, म्हणून शहर संपले. ज्यांनी त्या खडकाळ दऱ्यांत झाडे लावली होती, ओढे पुन्हा वाहते केले होते, त्यांतले कित्येक आज वृद्धापकाळी त्या चार वर्षांना आयुष्यातला सर्वांत सुंदर काळ म्हणतात, आणि मला त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच राग येतो. इतके श्रम, इतका आनंद, आणि तो वाचवण्यासाठी स्वतःच्या मताचे एक बोटही वर करायची मुभा नाही.

पुण्यातल्या जागेच्या वादात शिष्य धर्मादाय आयुक्तालयात गेले, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये धर्मादाय सहआयुक्तांनी विक्रीची परवानगी नाकारली. निकाल कोणाला रुचो न रुचो, विरोध करणाऱ्यांना आपले म्हणणे मांडायला दार मिळाले ते आश्रमाबाहेरच्या सरकारी कचेरीत. रजनीशांच्या जाण्याला तेहतीस वर्षे उलटल्यावरही आतले दार तयार झालेले नव्हते.

अँटिलोपच्या टपाल कचेरीसमोर ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी एक छोटी पाटी आहे. १९८१ ते १९८५ या काळात जे गावात राहिले, ज्यांनी प्रतिकार केला आणि ज्यांनी लक्षात ठेवले, त्यांच्या स्मरणार्थ ती लावली आहे. पाटीवर ‘आक्रमण’ असा शब्द आहे आणि तो मला खटकतो. परक्यांना पाहून बिचकलेल्या गावाचा तो शब्द आहे. पण त्या गावातली म्हातारी माणसे गावसभेत हरली, गावाचे नाव गमावून बसली, आणि तरी आपापल्या घरात राहून विरोधात बोलत राहिली. नोव्हेंबर १९८५ मध्ये मतदान होऊन त्यांना गावाचे नाव परत मिळाले. तिथून काही मैलांवर, डोंगरापलीकडच्या राँचवर, मनात शंका आली असूनही गप्प राहिलेले लोक किती होते, ते कोणी मोजलेले नाही. तिथे आता एका ख्रिस्ती संघटनेचे मुलांचे शिबिर भरते.